जिनपालनं नाकारलेला आवाज

निपाणीत चिकोडी रस्त्याला जिनपाल मगदूमचं गॅरेज आहे. दारावर पाटी नाही. पूर्वी होती. एका वळवाच्या वाऱ्यात ती उडाली आणि शेजारच्या तंबाखूच्या वखारीच्या पत्र्यावर जाऊन पडली. अजून तिथंच आहे. फोनवर कुणी पत्ता विचारला की जिनपाल सांगतो, "वखारीवर माझं नाव दिसंल. तिथं जाऊ नका. शेजारच्या दारात या."

वय पंचेचाळीस. अंगानं किरकोळ. बोटं मात्र कुणा थोराड माणसाची आणून लावल्यासारखी. काम शिकला तो बेळगावात, शहापूरच्या एका कानडी उस्तादाकडं. त्यामुळं गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो, गाडीला शिव्या मराठीत देतो, पण बोल्ट मोजतो ते कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. मराठीत मोजले तर एखादा कमी भरतो, असं त्याचं ठाम मत आहे.

त्याच्या तऱ्हा गावाला पाठ आहेत. बरेच दिवस उभी असलेली गाडी आली की सुरू करण्याआधी तो बॉनेटवर तीन थापा मारतो आणि थांबतो. आत उंदीर असेल, पाल असेल, त्यांना निघायला वेळ द्यायचा. गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं राहतं. एकदा एका जीपमधून मांजर निघालं आणि त्याच्यामागं तीन पिल्लं निघाली. तेव्हापासून कुणी हसत नाही.

सूर्य मावळायच्या आत तो घरी जेवायला जातो. घराण्याचा नेम आहे. एकदा जेवला की पुन्हा पान्याला हात लावत नाही. अर्धा आवळलेला नट तसाच राहतो, सकाळपर्यंत.

आणि काम झालं की गाडी फिरवून बघायची ती एकट्यानं. मालकालासुद्धा आत बसू देत नाही.

"तुम्ही बसला की बोलणार," तो म्हणतो. "तुम्ही बोलला की मला गाडीचं ऐकू येत न्हाय."

ह्या कानाचा त्याला अभिमान होता. कुठलं बेअरिंग गेलंय ते तो गाडी फाटकातून आत येईतोवर सांगायचा. लोक म्हणायचे, जिनपालला गाडीचं दुखणं तोंडावरून कळतं. तो म्हणायचा, तोंडावरून न्हाय, आवाजावरून.

पण निपाणीत त्याचं नाव झालं ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

पर्युषण संपलं की जैन घरांत क्षमावाणीचा दिवस येतो. वर्षभरात कळत-नकळत ज्यांना दुखावलं त्यांची क्षमा मागायची. लोक एकमेकांना भेटतात, हात जोडतात, 'क्षमा असावी' म्हणतात. हल्ली फोनवर पाठवतात. जिनपालचं तेवढ्यावर भागत नाही. तो पांढरा शर्ट, पांढरा पायजमा घालतो, स्कूटर काढतो आणि गिऱ्हाइकांच्या दारी जाऊन कुणाचं काय चुकवलं ते सांगतो.

"मागच्या मार्गशीर्षात तुमच्या गाडीचा एक बोल्ट माझ्याकडनं आडवा बसला. काढून दुसरा घातला. तुम्हाला बोललो न्हवतो. क्षमा असावी."

काही जण त्याला मिठी मारतात. काही जण आधी गाडीखाली वाकून बघतात, मग मिठी मारतात. रिक्षावाला रविराज तर तो लांबून दिसला तरी ओरडतो, "अण्णा, तिथंच थांबा! आधी सांगा, ब्रेकचं हाय का दुसरं कायतरी?"

जिनपालची बायको चंदना म्हणते, "लोक सणाला फराळ घेऊन जातात. आमचे हे चुका घेऊन जातात."

यंदा यादीत तीन नावं होती. दोन दुपारपर्यंत झाली. तिसरं नाव मारुतीराव सरांचं होतं. ते जिनपालनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण तिथं बोल्टचा प्रश्न नव्हता.

मारुतीराव सर हायस्कूलात गणित शिकवायचे. जिनपाल त्यांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा. सर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. अलीकडं त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. संध्याकाळी तळ्याकाठच्या कट्ट्यावर जायचे, तेही सोडलं. कुणी काही विचारलं की नुसतं हसायचे. मग ह्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा आदर्श, जो बेळगावात नोकरीला आहे, त्यांना कॅम्पातल्या एका डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनं कानात घालायचं यंत्र दिलं. शेंगदाण्याएवढं. सर घरी आले आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, "आपल्या घरात पंख्याला आवाज आहे?" ते पुन्हा कट्ट्यावर जायला लागले.

श्रावणात त्यांनी आपली पांढरी, पंधरा वर्षांची गाडी जिनपालकडं आणली. पुढचे दोन्ही शॉकअप गेले होते, आर्मचे बुश फाटले होते. जिनपालनं सगळं नवं घातलं. गाडी खड्ड्यावरून लोण्यासारखी जायला लागली. आठ दिवसांनी सर परत आले.

"वळताना पुढून आवाज येतोय, जिनपाल. टक्, असा. एकदाच. हळू वळवताना, स्टेअरिंग पुरतं फिरवलं की."

जिनपालनं सरांना, त्यांच्या बायकोला मालुबाई काकूंना आणि मागं बसलेल्यांना खाली उतरवलं. एकटा बसला. डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली, वखारीला दोन चकरा मारल्या. काही नाही. जॅक लावून चाक हलवून बघितलं. एक्सल बघितला, बॉल जॉइंट बघितला, प्रत्येक नट पुन्हा आवळला. काही नाही.

सर दुसऱ्यांदा आले. काही नाही. तिसऱ्यांदा आले तेव्हा गॅरेजात चार गाड्या उभ्या होत्या आणि एक ट्रकवाला डोक्यावर बसला होता. जिनपालनं चक्कर मारली, गाडीतून उतरला आणि बोलून गेला.

"सर, आवाज गाडीत न्हाय. तुमच्या कानातल्या त्या मशिनीत हाय."

सरांनी कानाला बोट लावलं. "असं व्हय?" म्हणाले. आणि गाडीत बसून निघून गेले. पुन्हा आले नाहीत.

त्या दिवशी चंदना आमटीत मीठ टाकायला विसरली होती. जिनपालच्या ते ध्यानातही आलं नाही.

गणपती जाऊन दोन दिवस झाले होते. विठ्ठल मंदिरामागच्या गल्लीत गुलाल अजून फरशीला चिकटून होता. जिनपालनं स्कूटर लावली. सर सोप्यात पेपर वाचत बसले होते. त्यानं चप्पल काढली, पुढं झाला, हात जोडले. आवाज आपोआप खाली गेला.

"सर, त्या दिवशी मी जास्त बोललो. क्षमा असावी."

"आँ?" सर म्हणाले. "बस, बस. पाऊस काय म्हणतोय तुमच्याकडं?"

जिनपालनं पुन्हा सांगितलं. सर हसले. तेच हसू, काही ऐकू न आल्याचं.

आतून मालुबाई बाहेर आल्या. "मोठ्यानं बोल बाबा. मशीन कपाटात हाय. महिना झाला."

"बिघडली?"

"बिघडतीय कशाला. घालत न्हाईत. तू सांगितलास न्हवं, खोटं आवाज ऐकवतीय म्हणून. कट्टा बंद. फोन बंद. नात, नीलम, हाका मारून मारून दमती. पुन्हा आपलं भिंतीशी बोलल्यागत चाललंय माझं."

एक वाक्य. ट्रकवाल्याच्या घाईत टाकलेलं. त्या वाक्यानं एका माणसाचे कान बंद केले होते.

तो सरांच्या कानाशी वाकला आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडला, "सर! क्षमा असावी! मी चुकीचं बोललो!"

समोरच्या घराची खिडकी उघडली.

"अरे ओरडू नको, ऐकलं," सर म्हणाले. "आणि चुकीचं कुठं? तू बरोबर होतास. मी पडताळा घेतला. मशीन घातली की आवाज येतो. काढली की येत नाही. म्हणजे आवाज कुठं आहे? मशिनीत. सिद्ध झालं." त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. "अशी खोटं सांगणारी वस्तू कानात घालून काय करायचं? पंख्याचा आवाज तरी खरा होता का, कोण जाणे."

जिनपालला वाटलं, सरांनी रागवायला हवं होतं. कानफटीत मारली असती तरी चाललं असतं. क्षमा मिळाली होती आणि तिचा काही उपयोग नव्हता. तो आवाज खरा आहे एवढं सरांना दाखवता आलं, तरच यंत्र कपाटातून बाहेर येणार होतं. आणि तो आवाज तीन वेळा शोधून त्याला सापडला नव्हता.

"किल्ली द्या," तो म्हणाला.

दारातली गाडी घेऊन तो गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, वळवली, परत आला. एकटा. काचा खाली, श्वास रोखून. डावीकडं. उजवीकडं. काही नाही. मंदिराच्या पायरीवर बसलेली दोन म्हातारी माणसं त्याची चौथी चक्कर बघून म्हणाली, "कायतरी हरवलंय वाटतं मगदूमाचं."

तो परत आला तेव्हा मालुबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"काकू, तुम्ही तरी ऐकलाय का हो आवाज?"

"मला कुठला ऐकू येणार? मी बोलत असते."

"सर गाडी चालवताना?"

"मग काय करू? गप्प बसून काय बघू, झाडं? मी बोलते, मागं आमच्या नणंदबाई बोलतात, सूनबाई बोलती, नीलम गाणं म्हणती."

जिनपाल किल्ली फिरवत होता. ती थांबली.

"काकू, एरवीबी तुम्ही सगळी असता गाडीत?"

"मग? ह्यांना एकट्याला कोण सोडतंय? कान न्हाय, सत्तरी आली. जाईल तिथं आमची वरात असती."

जिनपाल तसाच उभा राहिला. गाडीला त्यानं शंभर प्रश्न विचारले होते. हा एक विचारला नव्हता. प्रत्येक वेळी सर भरलेली गाडी घेऊन आले. प्रत्येक वेळी त्यानं सगळ्यांना खाली उतरवलं आणि रिकामी गाडी फिरवली.

"बसा," तो म्हणाला. "सगळी बसा. आत्ता!"

"आत्ता? कुठं जायचंय?"

"कुठंच न्हाय. गोल फिरायचं."

कुठंच जायचं नव्हतं, तरी मालुबाईंनी लुगडं बदललं. सरांच्या थोरल्या बहीण गुणाबाई, वय शहात्तर, छत्री घेऊन आल्या. सून माधवी गॅस बंद करून आली, परत गेली, बंद केलाय का बघून पुन्हा आली. दहा वर्षांची नीलम शाळेचं दप्तर घेऊनच बसली, कारण वजन पाहिजे असं जिनपालकाका म्हणाले होते. सर चालकाच्या जागेवर बसले. काय चाललंय ते त्यांना अर्धंच कळलं होतं, पण घरातली सगळी बसली म्हणजे गाडी चालवायची, एवढं त्यांना ठाऊक होतं.

मंदिरामागं शाळेचं पटांगण आहे. गणपतीच्या मांडवाचे बांबू अजून एका कडेला रचलेले होते. तिथं गाडी नेली. जिनपाल आत बसला नाही. पुढच्या चाकाशेजारी वाकून चालू लागला, पांढऱ्या कपड्यांत, एक हात बॉनेटवर ठेवून.

"आता कुणी बोलायचं न्हाय," त्यानं खिडकीतून बजावलं.

सरांनी स्टेअरिंग डावीकडं पुरतं फिरवलं. गाडी मुंगीच्या चालीनं वळू लागली.

"काच वर करू का गं?" गुणाबाईंनी विचारलं.

"आत्ती!" माधवीनं दटावलं.

दुसरी चक्कर. गाडी वळली. मागच्या सीटवर माधवी हसू दाबत होती. दाबलेलं हसू नाकातून निघालं, मग नीलमला आवरेना, मग मालुबाईंना. सरांना कळेना, सगळी का हलताहेत. जिनपालनं डोक्याला हात लावला.

"देवळात बसतासा तसं बसा की जरा!"

"देवळात तरी आम्ही कुठं गप्प बसतोय?" मालुबाई म्हणाल्या.

तिसरी चक्कर. नीलमनं दोन्ही हातांनी तोंड धरलं. गुणाबाईंनी डोळे मिटले. सरांनी स्टेअरिंग फिरवलं. चाकाखाली वाळू करकरली. कुठंतरी कावळा ओरडला. आणि खाली, डाव्या बाजूला, लोखंडाच्या पोटातून आवाज आला.

टक्.

एकच. पाटावर खडा पडावा तसा.

"आला!" जिनपालनं उडी मारली. "आला, आला! सर, आला!"

"आजोबा, आवाज आला!" नीलम सरांच्या मानेशी ओरडली.

"कुणाला?"

"सगळ्यांना!"

सरांनी गाडी थांबवली. एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. मालुबाईंनी मान हलवली. गुणाबाईंनी हलवली. माधवीनं हलवली. बाहेर जिनपाल दोन्ही हात वर करून उभा होता. आपली चूक सापडल्यावर इतका खूश झालेला माणूस त्या पटांगणानं पूर्वी पाहिला नसावा.

"मला नाही आला," सर म्हणाले.

माधवी उतरली आणि भराभर घराकडं चालत गेली. आली तेव्हा तिच्या हातात लहान निळी डबी होती. सरांनी ती उघडली. यंत्र काढलं, फुंकर मारली, कानात बसवलं. मग त्यांनी, परीक्षेत पहिला प्रश्न वाचून दाखवतात तशा सुरात सांगितलं, "शांतता."

स्टेअरिंग फिरलं.

टक्.

सर स्टेअरिंगवर कपाळ टेकून हसायला लागले. खांदे हलत होते. मालुबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, कारण मंदिराच्या पायरीवरची दोन्ही म्हातारी माणसं आता पटांगणाच्या भिंतीशी येऊन बसली होती.

"तोच आहे," सर म्हणाले. "हाच. महिनाभर मी ह्याला भास समजत होतो."

आता जिनपालला धीर नव्हता. एकेकाला उतरायला सांगितलं. गुणाबाई छत्रीसकट उतरल्या. गाडी वळवली. टक्. माधवी उतरली. टक्. नीलम आणि दप्तर उतरलं. टक्. मग पुढच्या डाव्या सीटवरून मालुबाई उतरल्या.

सरांनी वळवली. काही नाही. पुन्हा वळवली. काही नाही.

"काकू, परत बसा."

मालुबाई बसल्या. टक्.

"म्हंजे पहिल्यापासनं आवाज माझाच व्हय?" त्यांनी कमरेवर हात ठेवायचा प्रयत्न केला. सीटवर तो नीट जमला नाही.

"ते मी चाळीस वर्षं सांगतोय," सर म्हणाले.

"बघा! मशीन घातली न्हाय तोवर लागलं बोलायला!"

पण जिनपालला उत्तर मिळालं होतं. डाव्या पुढच्या चाकावर वजन आलं की आवाज येतो. तो एकटा गाडी चालवतो तेव्हा बसतो उजवीकडं. डावी बाजू हलकी राहते, आणि हलकी राहिली की गप्प राहते. त्यानं सरांना चाक बाहेरच्या अंगाला फिरवायला लावलं. बाही वर केली, गुडघ्यावर बसला, चाकाच्या कमानीतून हात आत घातला आणि स्प्रिंगवर तळवा ठेवला.

"काकू, हलू नका. सर, आता हळूहळू फिरवा. मी थांबा म्हटलं की थांबा."

स्प्रिंग हाताखाली ताठ होत गेली. कापड पिळताना होतं तशी. आणि मग तळव्याखाली ती उसळली. टक्.

"थांबा!"

जिनपालनं हात बाहेर काढला. पांढरी बाही कोपरापर्यंत काळी झाली होती. तो त्या हाताकडं बघत राहिला. उस्तादानं पंचवीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं, कान फसला तर हात लाव. तो हात लावायला विसरला होता, कारण त्याचा कान कधी फसला नव्हता.

गॅरेज क्षमावाणीला बंद असतं. त्यानं शटर उघडलं. सगळी वरात मागोमाग आलीच. गुणाबाईंना टायरांच्या थप्पीवर बसवलं. जिनपालनं चाक काढलं, अख्खा शॉकअप खाली उतरवला, शिकंजा लावून स्प्रिंग दाबली आणि सोडवली. मग खालची वाटी हातात घेऊन उजेडाकडं आला.

ह्या वाटीत स्प्रिंगचं खालचं टोक बसतं. त्याला टेकायला वाटीत एक खाच केलेली असते. टोक खाचेला टेकलं की स्प्रिंग जागा सोडत नाही. इथं खाच कोरी होती, रंगसुद्धा गेला नव्हता. तिच्यापासून दोन बोटं अलीकडं लोखंड घासून आरशासारखं चकाकत होतं. टोक महिनाभर तिथं घसरत होतं. वजन आलं, चाक वळलं, की स्प्रिंग पिळली जायची आणि सुटून जागेवर यायची.

"हे बघा, सर. हे माझं काम."

सर वाकून बघत राहिले. "झालं कसं पण?"

जिनपाल आठवत होता. मग आठवलं. श्रावणातला दिवस. ढग इतके की सूर्य कुठं आहे ते कळत नव्हतं. घड्याळ बघून त्याला घाई झाली. स्प्रिंग वाटीत नुसती ठेवली, टोक फिरवून खाचेला लावायचं राहिलं, आणि तो जेवायला घरी गेला. सकाळी येऊन वाटीत बसलेली स्प्रिंग बघितली. वाटलं, काल लावलीय. वरचे बोल्ट आवळले. मोजले.

"कानडीत मोजले," तो म्हणाला. "बरोबर भरले. टोकाला मोजायला काय नंबर नसतोय."

सर हसले. "रीत बरोबर. हातचा धरायचा राहिला."

"दहावीतबी तिथंच मार्क जायचे माझे."

"मला आठवतंय."

चंदना डबा घेऊन आली ती ह्याच वेळी. नवरा घरी आला नाही म्हणून शोधत आली होती. सकाळी आपण इस्त्री करून दिलेला शर्ट तिनं बघितला. टायरांवर छत्री घेऊन बसलेल्या गुणाबाई बघितल्या.

"क्षमा मागाय गेलता न्हवं?" ती म्हणाली. "का पुन्हा नवं कायतरी करून ठेवलासा?"

"जुनंच सापडलं," जिनपाल म्हणाला. त्याचा चेहरा असा फुलला होता की तिनं पुढं काही विचारलं नाही. डबा ठेवला आणि गुणाबाईंशेजारी टायरांवर बसली.

त्यानं टोक फिरवलं. खाचेला लावलं. अंगठ्यानं चाचपलं, पुन्हा चाचपलं, नीलमला बोलावून तिचा अंगठा लावायला लावला. "टेकलंय?" "टेकलंय." मग सरांना बोलावलं. त्यांनीही अंगठा लावला. उजवी बाजूही खोलून बघितली. तिथं टोक जागेवर होतं. मग शॉकअप चढवला, चाक बसवलं, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.

"बसा," तो म्हणाला.

वखारीपुढं ट्रक वळतात तेवढी मोकळी जागा आहे. ऊन कलतं झालं होतं. सर बसले. शेजारी मालुबाई. मागं तिघी, छत्री आणि दप्तर. जिनपाल चाकापाशी वाकून चालू लागला.

डावीकडं. काही नाही. उजवीकडं. काही नाही. गाडीत कुणी बोलत नव्हतं, आणि ह्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी चारी काचा खाली घेतल्या. पुन्हा डावीकडं. चाकाखाली खडी करकरत होती. वखारीत कुणीतरी पोती ओढत होतं. दूर हमरस्त्यावर कोल्हापूरकडं जाणारा ट्रक गिअर बदलत होता. सर सगळं ऐकत होते आणि पुन्हा वळवत होते. सहाव्या चकरीनंतर जिनपालनं वाकायचं सोडलं. तो मधोमध उभा राहिला. गाडी त्याच्याभोवती फिरत राहिली, आणि सरांच्या तोंडावर, गणित सुटलेल्या पोराच्या तोंडावर असतं तसं काहीतरी होतं.

आठव्या चकरीला मालुबाईंनी तोंड खिडकीकडं फिरवलं. ओठ हलले. नेहमीसारखं, कुणाला सांगायचं नसतं तेव्हा बोलतात तसं.

सरांनी ब्रेक दाबला, गाडी बंद केली. "भोवळ येतीय तर सांगायचं की तसं."

मालुबाई दचकल्या. मागं माधवी आणि गुणाबाई एकमेकींकडं बघू लागल्या. मालुबाईंनी पदर सारखा केला. मग ओठ पुन्हा हलले, पहिल्यापेक्षाही हळू.

जिनपाल चार हात लांब उभा होता. इंजिन बंद होतं. त्याला एक अक्षर ऐकू आलं नाही. सरांचं उत्तर तेवढं आलं.

"चहा? घेणार की. आज साखर घालून."